ठिबकच्या तोंडावरचा चुना

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून धावडा आहे. हा सगळा पट्टा मिरचीचा. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार याच तालुक्यातला. इथली मिरची भर उन्हाळ्यात लागते. गादीवाफा, त्यावर मल्चिंगचा कागद, कागदाखाली ठिबकची नळी आणि पाणी विहिरीचं, बोअरचं किंवा शेततळ्याचं. पाऊस अजून महिना-दीड महिना लांब असतो आणि कोवळ्या रोपाचा सगळा जीव त्या नळीवर असतो. नेमके त्याच दिवसांत ड्रिपर बंद पडायला लागतात. कागद उचलून पाहावं तर छिद्राच्या तोंडावर पांढरा, खरखरीत, नखाने न निघणारा थर दिसतो.

‘बोअरच्या पाण्याला क्षारच लई,’ एवढ्यावर बोलणं संपतं. पाण्याला क्षार आहे हे खरंच, पण त्यावरून हा थर समजत नाही आणि उपायही सापडत नाही. त्या पांढऱ्या थरामागे सगळं रसायनशास्त्र उभं आहे, आणि त्याच्याबद्दलचे काही समज शेतकऱ्याला थेट खर्चात पाडतात.

गैरसमज : पाणी नितळ आहे, फिल्टर बसवलाय, मग नळीत क्षार जातोच कसा?

फिल्टर वाळूचा असो, जाळीचा असो की चकत्यांचा, तो कण अडवतो. विरघळलेला क्षार कणांच्या रूपात नसतोच. धावड्याच्या जमिनीखाली बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण आहे. पावसाचं पाणी काळ्या मातीतून झिरपताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड उचलतं. मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेच्या दहापटीपासून शंभरपटीपर्यंत असू शकतो. त्याने किंचित आंबट झालेलं पाणी बेसाल्टमधली खनिजं आणि काळ्या मातीतली चुनखडी हळूहळू झिजवतं. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट पाण्यात येतात.

दहावीच्या पुस्तकातलं ‘कॅल्शियम बायकार्बोनेट’ हे नाव वाचून वाटतं, की या नावाची पूड पाण्यात विरघळलेली असावी. अशी पूड कुठल्याही प्रयोगशाळेतल्या बाटलीत मिळणार नाही, कारण हा पदार्थ घनरूपात हाती लागतच नाही. पाण्यात फक्त सुटे आयन असतात. धन प्रभाराचा कॅल्शियम एकटा फिरतो, त्याच्याभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं. ऋण प्रभाराचं बायकार्बोनेट वेगळं फिरतं. जाळीच्या छिद्रापुढे हे आयन इतके लहान आहेत, की फिल्टर कितीही धुतला तरी ते आरपार जाणार. मुद्दा असा, की पांढरा दगड पाण्याबरोबर वाहत येत नाही. तो नळीतच तयार होतो.

गैरसमज : उन्हात पाणी तापतं, म्हणजे क्षार जास्त विरघळेल

साखरेचा अनुभव आपण सगळ्याच पदार्थांना लावतो. कॅल्शियम कार्बोनेट मात्र उलट वागतं. पाणी तापलं की ते कमी विरघळतं. एरवीही त्याची विद्राव्यता क्षुल्लकच आहे. २५ अंश सेल्सियसला एक लिटर शुद्ध पाण्यात ते जेमतेम १३-१४ मिलिग्रॅम विरघळतं. बोअरच्या पाण्यात त्याच्या कितीतरी पट कॅल्शियम राहू शकतं ते केवळ सोबतच्या कार्बन डायऑक्साइडमुळे.

इथे दोन अभिक्रिया एकाच वेळी समोरासमोर चालू असतात. कॅल्शियम कार्बोनेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मिळून कॅल्शियम व बायकार्बोनेटचे आयन तयार होतात. हेच आयन उलट फिरून कार्बोनेटचा घन पदार्थ, पाणी आणि वायू देतात. जमिनीखाली वायू भरपूर आणि दाब असतो, त्यामुळे पहिली बाजू चालते. पंपाने पाणी वर आणलं की वायू निसटायला लागतो. मग ते उन्हात तापलेल्या काळ्या नळीत शिरतं. कार्बन डायऑक्साइड २५ अंशांना पाण्यात जेवढा मावतो, त्याच्या साधारण निम्माच ५० अंशांना मावतो. वायू गेला की समतोल दुसऱ्या बाजूला झुकतो आणि कार्बोनेट घन होऊन बाहेर पडतं. हे सगळ्यात जास्त घडतं ते ड्रिपरच्या तोंडाशी. तिथे पाणी हवेला मिळतं, आणि ठिबक बंद केल्यावर अडकलेला थेंब वाळतो. त्यामुळे भर दुपारी पाळी देणं टाळून पहाटे किंवा रात्री दिली, तर एवढ्यानेही फरक पडतो.

थोडा हिशेब करून पाहा. तासाला ४ लिटर देणारा ड्रिपर रोज तीन तास चालला तर १२ लिटर पाणी जातं. लिटरमागे अवघं एक मिलिग्रॅम कार्बोनेट आत बसलं, तरी दोन महिन्यांत ७२० मिलिग्रॅम होतात. हा पाव घन सेंटिमीटरहून थोडा जास्त दगड झाला. ड्रिपरमधली नागमोडी वाट जेमतेम मिलिमीटरभर रुंद असते.

शिवाय नव्या जागी पहिला स्फटिक बसायला वेळ लागतो. जुन्या स्फटिकावर नवा थर चटकन बसतो. म्हणून ‘थोडं पांढरं चालतंय’ म्हणून थांबणं महागात पडतं. पाणी निम्म्यावर येईपर्यंत वाट पाहिली, तर उरलेलं निम्मं फार लवकर बंद होतं.

अभिक्रिया उलटही जाते हे रसायनशास्त्रज्ञांच्या ध्यानात यायला वेळ लागला, आणि ते ध्यानात आलं एका खाऱ्या तळ्याकाठी. नेपोलियनच्या १७९८ च्या इजिप्त मोहिमेत क्लॉद बर्तोले हा फ्रेंच रसायनज्ञ होता. नेट्रॉनच्या तळ्यांच्या काठी त्याला सोड्याचे, म्हणजे सोडियम कार्बोनेटचे, थर दिसले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड मिसळलं, की चुनखडी आणि मीठ मिळतं. तळ्याकाठी नेमकं उलट घडत होतं. मीठ आणि चुनखडी दोन्ही मुबलक असल्यामुळे सोडा तयार होत होता. कुठला पदार्थ किती आहे यावरही अभिक्रियेची दिशा ठरते, हे त्याने तिथे ओळखलं. १८६४ मध्ये नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी त्याला गणिती रूप दिलं. १८८४ मध्ये ल शातलिए याने समतोल ढळवला की तो कुठे सरकतो याचा नियम मांडला. या ल शातलिएचा अभ्यास सिमेंटवर होता, म्हणजे त्याचीही गाठ चुन्याशीच पडली होती.

गैरसमज : समतोल आला म्हणजे सगळं थांबलं

शाळेतून बाहेर पडताना बहुतेकांच्या डोक्यात हाच अर्थ असतो. भरलेल्या मिरची बाजारात जेवढी माणसं येतात तेवढीच बाहेर जात असतील तर गर्दी तेवढीच दिसते, पण माणसं बदलत असतात. समतोलातही तसंच. संपृक्त पाण्यात चुनखडीचा तुकडा ठेवला तर त्याचं वजन बदलत नाही. पण पाण्यात थोडं किरणोत्सर्गी कॅल्शियम मिसळलं, तर काही वेळाने ते तुकड्याच्या पृष्ठभागात सापडतं. आयन सतत सुटत असतात आणि सतत बसत असतात. म्हणूनच थर एकदा काढला की काम संपलं असं होत नाही. पाणी तेच असेल तर तो पुन्हा धरणार.

गैरसमज : ॲसिड सोडलं की क्षार जळून जातो

काहीही जळत नाही. कार्बोनेटमध्ये एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन असतात. ते इलेक्ट्रॉन वाटून घेऊन सहसंयुज बंधाने घट्ट बांधलेले असतात आणि तिन्ही बंध सारख्याच लांबीचे असतात. कॅल्शियम मात्र शेजारी केवळ विरुद्ध प्रभारांच्या ओढीने धरलेला असतो. आम्लाचा हायड्रोजन आयन या कार्बोनेटला जाऊन भिडतो आणि त्याचं पाणी व कार्बन डायऑक्साइड होतं. कॅल्शियमला आम्ल हातही लावत नाही. जोडीदार गेला म्हणून तो सुटतो आणि हायड्रोक्लोरिक आम्लातल्या क्लोराइडबरोबर पाण्यात राहतो. म्हणजे क्षार नळीतच असतो, फक्त विरघळलेला. एन्डकॅप उघडून नळ्या धुतल्याशिवाय तो बाहेर पडत नाही, आणि हीच पायरी घाईत राहून जाते.

आधी थर ओळखावा. बंद पडलेला ड्रिपर कापून आतल्या पांढऱ्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टाका आणि भिंगातून पाहा. बारीक बुडबुडे उठले तर तो कार्बोनेट. काहीच उठलं नाही तर तो बहुधा खताने घडवलेला साका. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:० एकाच ड्रममध्ये कालवलं, तर कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन न विरघळणारा पदार्थ होतो. कॅल्शियम नायट्रेटबरोबर ०:०:५० किंवा मॅग्नेशियम सल्फेट टाकलं तर जिप्सम. जिप्सम लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास विरघळतं, त्यामुळे शेतात पातळ झालेल्या पाण्यात ते बसत नाही. ड्रममधल्या दाट द्रावणात मात्र लगेच खाली बसतं. पदार्थ तेच असतात, फरक केवळ दाटपणाचा. जिप्सम आम्लानेही सहज निघत नाही. ही खतं वेगवेगळ्या दिवशी सोडणं हाच त्याचा स्वस्त उपाय.

आम्ल किती लागेल हे शेजाऱ्याला विचारून ठरत नाही. आपल्याच पाण्याच्या बादलीत मोजून थोडं थोडं टाकत पीएच पट्टीने सामू चारच्या आसपास येईपर्यंत पाहावं लागतं, आणि त्यावरून हिशेब करून सोडावं लागतं. आम्ल पाण्यात टाकायचं. आम्लात पाणी कधीही ओतायचं नाही, उष्णतेने ते उसळून अंगावर येतं. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर ती आणि आम्ल एका दिवशी, एका ड्रममध्ये नकोच नको. त्यातून निघणारा क्लोरीन वायू माणसाचं फुप्फुस जाळतो. पाणी तपासणीचा अहवाल हातात असेल तर जालन्याजवळच्या खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी नेमका सल्ला मागता येतो.

पाइपला बाहेरून चुंबक बांधण्याचीही जाहिरात होते. चुंबकाने पाण्यातलं कॅल्शियम कमी होत नाही. आधीच्या आणि नंतरच्या पाण्याचा अहवाल शेजारी ठेवला तर हे दिसतं.

गैरसमज : तुरटीने पाणी हलकं होतं

तुरटी गढूळ पाणी निवळते, आणि ते काम ती छान करते. मातीचे अतिसूक्ष्म कण ऋण प्रभाराचे असतात आणि एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो प्रभार मारतं, कण एकत्र येऊन तळाला बसतात. कॅल्शियम मात्र जिथल्या तिथे राहतं. उलट तुरटी बायकार्बोनेट खाते आणि बदल्यात सल्फेट देते, म्हणून उकळून निघू शकणारा जडपणा थोडा न निघणारा होतो.

खरा उपाय ऐकायला विचित्र वाटतो: चुन्याच्या पाण्यात आणखी चुना टाकायचा. ॲबर्डीनचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये याचं पेटंट घेतलं. मोजून टाकलेला विरलेला चुना कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट संपवतो, आधार गेलेलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं. शहरांचं पाणी मऊ करायला ही रीत आजही वापरतात. घरी अंदाजाने करू नये. चुना जास्त झाला तर पाणी दाहक होतं.

जड पाण्यात डाळ शिजत नाही, हा बायकांचा अनुभव पूर्ण खरा आहे. डाळीच्या पेशी पेक्टिनने चिकटलेल्या असतात. पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनच्या दोन साखळ्यांमध्ये पुलासारखं बसतं आणि त्यांना सुटू देत नाही. चिमूटभर खायचा सोडा टाकला की हा जोड सैल होतो. पाणी आधी उकळून, निवळून वरचं घेतलं तरी काम भागतं, आणि डाळीतलं बी-१ जीवनसत्त्वही सोड्याने नासत नाही.

गैरसमज : बोअरच्या पाण्याने मुतखडा होतो

भांड्यातला खडा आणि पोटातला खडा, दोन्ही पांढरे, म्हणून मनाने जोडले गेले. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, कार्बोनेटचे नाही. आहारातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं, त्यामुळे दूध-दही सोडणं हाही उलटा उपाय ठरू शकतो. उन्हात दिवसभर राबून पुरेसं पाणी न पिणं, लघवी दाट होणं, हे त्याहून मोठं कारण. समतोलाचाच नियम, फक्त मूत्रपिंडात.

पाण्याच्या अहवालात मी जडपणाच्या आधी नायट्रेटचा रकाना पाहीन. भारतीय मानक १०५०० नुसार एकूण कठिणता, म्हणजे जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटला अशी सवलत नाही. मर्यादा ४५ मिलिग्रॅम आणि तिथेच संपते. युरिया आणि शेणखत भरपूर पडणाऱ्या मिरचीच्या रानातून नायट्रेट विहिरीत झिरपू शकतं. नेहमीच्या सगळ्या धातूंचे नायट्रेट पाण्यात सहज विरघळतात. म्हणून ते ड्रिपरवर थर धरत नाही, हंड्याला खडा आणत नाही, डाळ अडवत नाही आणि चवही बदलत नाही. पाणी उकळलं तर वाफ जाते, नायट्रेट मागे राहतं, उलट दाट होतं. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, आणि ते रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद मारतं. घरात सहा महिन्यांच्या आतलं मूल असेल तर बोअरच्या पाण्याचा हा एक आकडा तपासून घ्यावाच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते.