पेट्रोलचा वास: आधी घड्याळ बघा, मग पाना उचला

जुनी स्पोर्ट्स कार नव्यानं घेतलेल्या माणसाचा फोन आला की एक वाक्य ठरलेलं असतं: "गाडी झकास आहे, फक्त जरा पेट्रोलचा वास येतो." विकणाऱ्यानं त्याला सांगितलेलं असतं, जुन्या गाड्यांना वास असतोच. असतो, पण तो ऑइलचा, जुन्या चामड्याचा, तापलेल्या रबराचा. कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल तर टाकीपासून इंजिनापर्यंतच्या वाटेवर कुठेतरी पेट्रोल किंवा त्याची वाफ बाहेर पडते आहे. हवेत दीडेक टक्का वाफ झाली की एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती वर उडून जात नाही. बेसमेंट पार्किंगमध्ये, गॅरेजच्या खड्ड्यात ती जमिनीलगत साचून राहते.

माझी गाडी १९६७ ची एमजीबी. बडोद्याला आणली तेव्हा मलाही हाच वास यायचा, आणि दोन आठवड्यांनी तो 'गेला'. गेला वगैरे काही नव्हता, माझ्या नाकाला सवय झाली होती. मुलीला शेजारी बसवून चक्कर मारली तर ती पहिल्याच वळणावर म्हणाली, "बाबा, गाडी थांबवा." तेव्हापासून माझा नियम आहे: वास शोधताना नाक दुसऱ्याचं घ्यायचं, जो गाडीजवळ रोज नसतो त्याचं.

मी पहिली चूक केली ती सगळेच करतात. बॉनेट उघडलं आणि कार्ब्युरेटर खोलले. महिना गेला, पैसे गेले, वास तिथेच. खरं तर आधी कागद घेऊन लिहायला हवं होतं की वास कधी येतो. कारण वासाची वेळच बहुधा जागा सांगते.

किल्ली फिरवल्याबरोबर, इंजिन सुरू व्हायच्या आधी वास येत असेल तर पंप ऐका. एमजीबीला एसयूचा इलेक्ट्रिक पंप असतो. तो टिकटिक करतो, कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की गप्प होतो. गप्प झाल्यावर एखादी टिक चालेल. पण इंजिन बंद असताना तो दर दोन-चार सेकंदांनी टिकटिकत राहिला, तर एक तर तो हवा ओढतोय किंवा पेट्रोल कुठेतरी निघून जातंय. ही तपासणी मिनिटभरात उरका. जुन्या पॉइंटच्या इग्निशनमध्ये किल्ली फार वेळ चालू ठेवली तर कॉइल तापते.

अशा वेळी पहिला संशय वाटीतल्या नीडल व्हॉल्व्हवर. त्यात कचऱ्याचा एक कण अडकला, किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो जड झाला, की वाटी ओसंडते आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल खाली येतं. एमजीबीत कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत. पेट्रोल वर, लालभडक तापणारं लोखंड खाली. म्हणून ती नळी जागेवर आहे ना, तिचं तोंड एक्झॉस्टपासून दूर आहे ना, हे आजच बघा. या कामाला विलायती कारागीर लागत नाही. अ‍ॅम्बॅसडरचं जुनं इंजिन आणि एमजीबीचं इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातलं, आणि कितीतरी अ‍ॅम्बॅसडरना एसयूचाच कार्ब्युरेटर होता. इंदूर, हैदराबाद, कोलकाता, कुठेही अ‍ॅम्बॅसडरवर हात बसलेला म्हातारा मिस्त्री शोधा. तो तुमच्याकडे बघून हसेल, पण काम करील.

गाडी बंद करून रात्रभर ठेवल्यावर वास येत असेल तर रबरी नळ्या बघा. आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, नाहीतर तडकतं. थेंब दिसेलच असं नाही, कारण पेट्रोल झिरपता झिरपता उडून जातं. स्वच्छ पांढरं फडकं नळीवरून फिरवा आणि फडक्याचा वास घ्या. सांध्यांवर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरली की ओलावा उमटतो. नळी बदलायची तर इथेनॉल सोसणारीच मागा. दुकानदार 'सेम टू सेम' म्हणून पाणी-हवेची नळी पुढे करतो, ती घेऊ नका.

माझ्या कागदावर मात्र वेगळंच उमटलं. वास पेट्रोल भरल्यावर येतो, वळणावर वाढतो, आणि टाकी अर्ध्यावर आली की बंद. म्हणजे गळती टाकीच्या वरच्या भागात. एमजीबीची टाकी डिकीच्या तळाखाली असते, माझ्या मॉडेलमध्ये सुमारे ५४ लिटरची. तिच्या पाठीवर, डिकीचा पत्रा आणि टाकी यांच्या फटीत, चिखल आणि ओल वर्षानुवर्षं बसून राहते आणि टाकी वरून गंजते. खालून दिवा लावून बघणाऱ्याला ती ठणठणीत दिसते! टाकी उतरवल्यावर पाठीवर सुईच्या टोकाएवढी चार भोकं सापडली. तिथवर जाण्याआधी भरण्याच्या तोंडाची रबरी नळी आणि इंधनकाट्याच्या युनिटचं सील जरूर तपासा. लक्षणं हीच असतात, आणि काम दहापट स्वस्त.

टाकी उतरवताना बॅटरी आधी सोडवा, गाडी उघड्यावर घ्या, बल्बचा दिवा नको, एलईडी टॉर्च वापरा, पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. आणि रिकामी टाकी कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे नेऊ नका. आत पेट्रोल नसतं, पण वाफ आणि हवा असते, आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक. मी नवी टाकी मागवली, पाठीवर दोन हात रंग दिला आणि मगच चढवली.

तरीही वास आठवडाभर होता. मी पुन्हा हादरलो. निघालं असं, की डिकीतलं कार्पेट आणि त्याखालचं फेल्ट इतकी वर्षं वाफ पीत बसलं होतं. कार्पेट चार दिवस गच्चीवर उन्हात टाकलं, फेल्ट फेकून दिलं. मग टाकी काठोकाठ भरली, मुलीला पुन्हा शेजारी बसवलं, आणि तेच वळण घेतलं. ती मोबाइल बघत होती.