आजीचं शिलाई मशीन : आधी नंबर वाचा, मग तेल घाला

आपल्या मंडळाच्या बैठकीत जुन्या घरगुती वस्तूंचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, "आमच्या माळ्यावर आजीचं शिलाई मशीन पडून आहे, चालू होईल का हो?" बहुतेक वेळा उत्तर 'हो' असंच असतं. बिडाची ही जुनी मशीन सहसा मरत नाहीत, आखडतात. माझं शिक्षण मेकॅनिकलचं आणि नोकरी बडोद्यातल्या कारखान्यांत झाली, त्यामुळे आखडलेली यंत्रं सोडवणं हातातलं काम. इतिहासाकडे मात्र मी उशिरा वळलो. त्या उशिराची भरपाई घरच्याच एका मशीनला करावी लागली. ती गोष्ट सांगतो, आणि त्याबरोबर मशीन दुरुस्तीची माहितीही देतो.

मशीन सिंगरचं, २८ या वर्गातलं, हाताने फिरवायचं. बॉबिनची गोल डबी त्यात नसते. बंदुकीच्या गोळीसारखं लांबट शटल असतं आणि त्यात लांब, बारीक बॉबिन बसते. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात ते लाकडी झाकणाखाली असायचं. घरात सगळे सांगायचे, "आजीच्या लग्नात माहेरून आलेलं." आजीचं लग्न १९२७ सालचं. आम्ही कोणी यापुढे काही विचारलं नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी घर विकायचं ठरलं तेव्हा मशीन माझ्याकडे आलं. चाक हलत नव्हतं. असं झालं तर जोर लावू नका. बहुतेक वेळा दोष गंजाचा नसून जुन्या तेलाचा असतो. आपल्या घरांतून शिलाई मशीनला खोबरेल घालायची सवय फार. खोबरेल काही वर्षांत चिकट होतं, मग लाखेसारखं घट्ट बसतं. त्यावर उपाय रॉकेलचा. तेलाच्या प्रत्येक भोकात आणि जिथे धातूवर धातू घासतो अशा प्रत्येक जागी दोन-दोन थेंब सोडायचे, रात्रभर ठेवायचं, सकाळी चाक पुढेमागे हलकेच हलवायचं. थोडं हललं की पुन्हा रॉकेल. माझं मशीन चौथ्या दिवशी सुटलं. हे काम उघड्या जागेत, विस्तवापासून लांब करा. मशीन मोकळं झालं की रॉकेल पुसून काढून शिलाई मशीनचंच पातळ तेल घाला. रॉकेल वंगण नाही, ते आत राहिलं तर भाग कोरडे घासतात.

चाक फिरतंय पण सुई जागची हलत नाही, असं झालं तर चाकाच्या मधली फिरकी बघा. बॉबिन भरताना चाक मोकळं करण्यासाठी ती असते. तिच्याखाली दातांची एक चकती असते. कोणीतरी उघडून ती उलटसुलट बसवलेली असते, म्हणून फिरकी आवळूनही चाक पकडत नाही. चकती काढून अर्धा फेरा फिरवून बसवली की बहुतेक वेळा काम होतं. बॉबिन भरायच्या चाकाची रबरी कडी मात्र इतक्या वर्षांत दगड झालेली असते, ती नवीनच घ्यावी लागते.

मशीन फिरू लागलं, आता टाका. या मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा : वरचा सुईतून येतो, खालचा शटलमधून, आणि दोघांची गाठ कापडाच्या मधोमध पडायला हवी. कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की लोक बॉबिनला दोष देतात. खरं तर तेव्हा दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो : तो टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, किंवा त्या चकत्यांत जुना कचरा अडकलेला असतो. एक जाड दोरा चकत्यांमधून दोन-चार वेळा ओढून बघा, किती मळ निघतो ते कळेल. टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. सुईच्या दांड्याची सपाट बाजू शटलकडे असायला हवी, आणि दोरा लांब खाचेच्या बाजूने आत जायला हवा. घरगुती मशीनला बाजारात 'एच ए' छापाची सुई मिळते. साध्या सुती कापडाला १४ किंवा १६ नंबर पुरतो. कापड पुढे सरकत नसेल तर सुईखालची पट्टी उघडा. दात्यांच्या फटीत वर्षानुवर्षांचा कापडाचा भुसा दाबून नमद्यासारखा झालेला असतो. आणि शटल बाहेर काढण्याआधी त्याचं टोक कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो काढून ठेवा.

इथपर्यंत मी जे केलं ते ठीकच केलं. मशीन सुंदर टाका घालू लागलं. मग मला वाटलं, आता दिसायलाही नवं व्हायला हवं. बैठकीच्या पुढच्या कडेला सोनेरी वेलबुट्टी पार झिजली होती. हातभर लांबीच्या पट्ट्यात काळा रंगही गेला होता आणि खालचं बीड दिसत होतं. बाकी ठिकाणी मेण जमल्यासारखा पिवळट थर. मी स्पिरिटचा बोळा घेतला. त्या थरात लाख असते आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते, हे इंजिनिअर असून माझ्या ध्यानात आलं नाही. दोन मिनिटांत उरलेली वेलबुट्टी बोळ्यावर आली. चूक झाकायला मी गाडीचा काळा रंग मारला. मशीन चकाचक झालं. घरात सगळ्यांनी वाहवा केली.

पुढे काही वर्षांनी जुन्या वस्तूंच्या तारखा कशा काढतात ते वाचताना सिंगरच्या नंबरांची माहिती हाती लागली. बैठकीवर उजवीकडे नंबर कोरलेला असतो, त्याच्या आधीच्या अक्षरांवरून कारखाना आणि काळ समजतो. आपल्याकडची बरीच जुनी मशीन स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात बनलेली. हा कारखाना १८८५ पासून १९८० पर्यंत चालला. तिथे 'वाय' अक्षराची मालिका १९३५ पर्यंत चालली, त्यानंतर 'ई' आणि पुढे आणखी एक अक्षर अशी जोडी सुरू झाली. नंबर तुकडीला आधी नेमून दिला जायचा, म्हणजे विक्री त्याहूनही नंतरची. आमच्या मशीनवर 'ई बी' होतं.

म्हणजे १९२७ च्या लग्नात ते येणं शक्यच नव्हतं. आणि आजोबा तर १९३६ सालीच गेले.

तेव्हा आत्या हयात होती, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. मी कागद घेऊन तिच्याकडे गेलो. ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अरे, लग्नातलं म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. बाबा गेल्यावर आईने हप्त्याने घेतलं. दुपारी दार लावून शिवायची. गल्लीतल्या बायकांची पोलकी, मुलांचे झबली-टोपरी. पैसे पदरात बांधून आणून देत. काकांना कळू द्यायचं नव्हतं." शिकली कोणाकडे, असं विचारलं तर म्हणाली, "शेजारणीकडे."

मग बाकीचं जुळत गेलं. सिंगरचा भारतातला कारभार पारशी एजंट नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी वाढवला आणि हप्त्याने विक्री ही कंपनीची जुनी पद्धत होती. एकदम रक्कम नसलेल्या बाईलाही त्यामुळे मशीन घेता येत होतं. बडोद्यात महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय १९१४ साली सुरू झालं होतं, म्हणजे बाईने हाताच्या कामावर कमवावं ही कल्पना गावाला नवी नव्हती. तरीही आमच्या घरात ती लपवावी लागली. ऐंशी वर्षं आम्ही माहेरच्यांचं कौतुक करत राहिलो. घर चालवलं होतं त्या मशीनने आणि आजीच्या हातांनी.

आणि त्याचा एकच पुरावा मशीनवर होता : पुढच्या कडेचा तो झिजलेला पट्टा. लग्नात मिळून वर्षातून दोनदा वापरलेलं मशीन असं झिजत नाही. रोज कापड आणि मनगट घासत राहिलं तरच रंग बिडापर्यंत जातो. त्यावर मी गाडीचा रंग मारून बसलो होतो. सुदैवाने काम सुरू करण्याआधी काढलेला एक फोटो आहे. थोडा हललेला आहे, पण पट्टा दिसतो.

म्हणून विनंती एवढीच. मशीन हातात आलं की आधी नंबर उतरवून घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा, झाकणाखालचा कप्पा रिकामा करण्याआधी त्यात काय आहे ते लिहून ठेवा. सुया, चिठ्ठ्या, कापडाचे तुकडे, काहीही. मग रॉकेल, तेल, नवी सुई, नवी रबरी कडी, हवं ते करा. मशीन चालायलाच हवं. रंगाला मात्र हात लावू नका. मऊ फडक्याला मशीनचं तेल लावून पुसलंत तर पुरे, स्पिरिट आणि थिनर लांब ठेवा. आणि घरात कोणी वयस्कर बाई असेल तर "कुठून आलं?" एवढंच विचारून थांबू नका. "त्यावर कोणाचे कपडे शिवायची?" हेही विचारा.

आमचं मशीन आता माझ्या टेबलावर आहे. मागच्या महिन्यात त्यावर उशीची खोळ शिवली. टाका अजून सरळ पडतो.