कलाटणीनंतरची पावणेचार वर्षे

दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी कुठे मिळाली, असे विचारले की बहुतेकजण स्टालिनग्राडचे नाव घेतात. मीही वर्षानुवर्षे तेच सांगत असे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. नोकरी सांभाळून, रद्दीच्या दुकानांत मिळतील ती पुस्तके वाचत गेलो. पुढे घटना तारीखवार एका वहीत उतरवू लागलो, तेव्हा माझे उत्तर बदलले.

डिसेंबर १९४१ चा पहिला पंधरवडा पाहा. ५ तारखेला मॉस्कोजवळ थंडीने गारठलेल्या जर्मन सैन्यावर सोव्हिएत फौजांनी प्रतिहल्ला सुरू केला. ७ तारखेला जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले. पण अमेरिकेची विमानवाहू जहाजे त्या दिवशी बंदरात नव्हती आणि तिथल्या तेलाच्या टाक्याही शाबूत राहिल्या. ११ तारखेला हिटलरने आपण होऊन अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. रशियाला झटपट लोळवण्याचा डाव फसला होता आणि जगातला सर्वांत मोठा औद्योगिक देश विरोधात उतरला होता. युद्ध लांबले तर ज्यांच्याकडे कारखाने, तेल आणि माणसे अधिक, त्यांचेच पारडे जड होणार होते.

रणांगणावर मात्र चित्र उलटे होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. ऑगस्टमध्ये जर्मन फौजा व्होल्गाकाठी पोहोचल्या. म्हणून मी कलाटणीचे दोन भाग करतो. गणित डिसेंबर १९४१ मध्ये बदलले. पुढाकार हातातून गेला तो त्यानंतर. जून १९४२ मध्ये मिडवेजवळ जपानने चार मोठी विमानवाहू जहाजे गमावली. ती उणीव जपानला भरून काढता आली नाही; अमेरिकेने मात्र युद्ध संपेपर्यंत तशी डझनाहून अधिक नवी जहाजे समुद्रात उतरवली. नोव्हेंबरमध्ये अल अलामीनहून रोमेलने माघार घेतली. २ फेब्रुवारी १९४३ रोजी स्टालिनग्राडमधला वेढा संपला, तेव्हा सुमारे ९१ हजार जर्मन सैनिक कैद झाले. त्यांतले जेमतेम पाच-सहा हजार मायदेशी परतले.

पण ‘कलाटणी’ या शब्दात एक धोका आहे. त्यानंतरचे सारे जणू उपसंहार वाटू लागते. प्रत्यक्षात नाझींच्या ज्यू संहारातले बहुतेक बळी १९४२ आणि त्यानंतरचे आहेत. बंगालचा दुष्काळ १९४३ चा, हिरोशिमा १९४५ चे.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतले सगळे मारले वा जखमी केले. घाडगे एकटे त्या मोर्चावर धावून गेले. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. मग नेमबाजांच्या गोळ्यांनी तेही पडले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

तेव्हा रोम पडून महिना उलटला होता, दोस्त फौजा नॉर्मंडीत उतरल्या होत्या. युद्धाचा निकाल नकाशावर दिसत होता. घाडग्यांसमोरची मशीनगन मात्र चालूच होती.