प्रत्येकाच्या घरी पूर्ण वही

मुलांनो, शाळेचं हस्तलिखित काढताना काय होतं? वही एक आणि लिहिणारे दहा! एकाकडे वही गेली, की बाकीचे नऊ वाट पाहत बसतात. आणि तीच वही पावसात भिजली तर? सगळ्यांचीच मेहनत वाया!

संगणकाचे मोठे प्रोग्राम लिहिणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. लिनक्सचंच पाहा ना. आज अँड्रॉइड फोनच्या पोटात असतं, तेच हे लिनक्स. फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते १९९१ साली सुरू केलं. पुढे जगभरातले हजारो लोक त्यात भर घालू लागले. सगळ्यांचं लिखाण सांभाळायला ते ज्या प्रोग्रामची मदत घेत, तो फुकट वापरण्याची सोय २००५ मध्ये बंद झाली. मग टॉरवाल्ड्स यांनी स्वतःच नवा प्रोग्राम लिहायला घेतला. ३ एप्रिलला सुरुवात केली आणि ७ एप्रिलला तो स्वतःचंच लिखाण सांभाळू लागला! त्याचं नाव 'गिट'.

गिटची युक्ती साधी आहे. प्रत्येकाच्या संगणकावर पूर्ण वही असते, तीसुद्धा आजवरच्या सगळ्या बदलांसकट. काही बदललं, की नाव, तारीख आणि कारण यांची नोंद करायची. चुकलं, तर जुनी नोंद उघडायची. शिवाय दूरच्या एखाद्या संगणकावर सर्वांची सामाईक वही असते. तिला म्हणतात 'रिमोट रिपॉझिटरी'. आपले बदल तिकडे पाठवणं म्हणजे 'पुश' आणि इतरांचे बदल आपल्याकडे आणणं म्हणजे 'पुल'.

पण दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली तर? गिट आपल्या मनाने कुणाचीच ओळ खोडत नाही, बरं का! तो थांबतो आणि दोन्ही ओळी समोर मांडतो. कोणती ठेवायची, ते माणसांनी बोलून ठरवायचं.

२०११ साली लिनक्सची सामाईक वही ठेवणाऱ्या संगणकांतच घुसखोर शिरले. त्यांनी मजकुरात गुपचूप काही घुसडलं असतं तर? पण गिट प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून ४० चिन्हांची खूण देत होता. त्या खुणेत आधीच्या नोंदीची खूणही मिसळलेली असते. जुनं एक अक्षर जरी बदललं, तरी पुढच्या सगळ्या खुणा बदलतात. घरोघरच्या हजारो वह्यांशी त्या जुळल्या नसत्या आणि लबाडी तिथेच उघडी पडली असती!

गिट आजही फुकट मिळतो. आईबाबांच्या मदतीने जरूर वापरून पाहा. आणि हस्तलिखितातली मित्राची ओळ आवडली नाही, तर खोडण्याआधी त्याला विचारा हं!