थंडी वाढायच्या आत शेडच्या शटरकडे बघा. दोन तासांचं काम, पण हंगामभर ताप वाचतो

निफाड : कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदला जाणारा निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत १० अंशांच्या खाली उतरतो, काही वर्षी तर ५ च्याही खाली जातो. अशा दिवसांत द्राक्षबागेची काळजी सगळेच घेतात. पण ज्या शेडमध्ये ट्रॅक्टर आणि ब्लोअर उभा असतो, त्या शेडच्या लोखंडी शटरकडे कोणी बघत नाही. नेमकं धुकं पडलेल्या सकाळी फवारणीची घाई असते आणि शटर अर्ध्यातच अडकून बसतं. मग दोघे-तिघे मिळून लाथा घालतात, हिसके देतात आणि शंभर-दोनशे रुपयांच्या कामाचा खर्च काही हजारांवर जातो.

थंडीत शटर का अडकतं?

पावसाळ्यात शटरच्या दोन्ही बाजूंच्या पन्हाळीत (याला गाईड किंवा चॅनल म्हणतात) माती, चिखल, पालापाचोळा बसतो. दिवाळीनंतर तो सुकून घट्ट होतो. रात्री लोखंड गार पडलं की त्यावर दव धरतं, पाणी ओघळून चॅनलमध्ये उतरतं आणि गंज चढतो. त्यात आधीचं जुनं ग्रीस थंडीने घट्ट झालेलं असतं. म्हणजे माती, गंज आणि चिकटलेलं ग्रीस, असे तिन्ही एकत्र आले की शटर हलत नाही.

सफाई आणि तेलपाणी कसं करायचं?

हे काम दुपारी करावं. दव वाळलेलं असतं आणि उजेडही चांगला असतो.

१. शटर खाली घेऊन पट्ट्यांवरची धूळ झाडूने आणि कोरड्या फडक्याने काढा. चॅनलमधली माती जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढा. वर गुंडाळी असते तिथे गांधीलमाश्यांचं पोळं नाही ना, हे आधी लांबून बघा.

२. जुनं काळं ग्रीस रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसून घ्या. त्या वेळी बिडी-काडी लांब ठेवा आणि ते फडकं शेडमध्ये टाकून देऊ नका.

३. गंज चढला असेल तिथे सँडपेपर मारा. त्यावर रेड ऑक्साइडचा हात आणि तो वाळल्यावर ऑइलपेंट. खालची पट्टी आधी गंजते, कारण ती ओल्या जमिनीला टेकलेली असते.

४. चॅनलमध्ये पातळ तेलाचा हलका हात द्या. हार्डवेअरच्या दुकानात सिलिकॉन स्प्रे मिळतो, तो जास्त चांगला, कारण त्यावर धूळ कमी बसते. ट्रॅक्टरचं जळालेलं ऑइल ओतायची सवय बऱ्याच जणांना आहे. ते टाळा. चार दिवस शटर गुळगुळीत चालतं, नंतर त्याच ऑइलवर धूळ बसून लेप तयार होतो.

५. कुलपात आणि कडीत तेलाचे दोन-दोन थेंब सोडा.

स्प्रिंगला हात लावू नका

१० बाय १० फुटांच्या शटरचं वजन पत्र्याच्या जाडीनुसार शंभर किलोच्या आसपास भरतं. तरी एक माणूस ते उचलू शकतो, कारण वरच्या पाइपातल्या पिळलेल्या स्प्रिंगा ते वजन पेलतात. त्या ठीक आहेत का, हे बघायची सोपी रीत आहे. हाताने चालणारं शटर कमरेएवढं वर घ्या आणि मूठ सैल करा, पण हात जवळच ठेवा. शटर तिथेच थांबलं तर ठीक. खाली घसरलं तर स्प्रिंग ढिली झाली किंवा तुटली आहे, आपोआप वर पळालं तर ताण जास्त आहे. हे करताना पाय शटरखाली नको आणि पोरंबाळं जवळ नकोत.

स्प्रिंगचे नट-बोल्ट घरी खोलायचे नाहीत. पिळाचा ताण एकदम सुटला तर पाना हातातून उडतो, हात मोडतो. हे काम शटरच्या मिस्त्रीचंच. मोटरवरचं शटर असेल तर तपासणीही त्यालाच करू द्या.

खालची फट बुजवा

फरशी सरळ नसेल तर शटरखाली दोन-तीन बोटं फट राहते. तिथून गार वारा येतो, उंदीर येतात आणि उंदरांमागे सापही येतो. घोणस हिवाळ्यातही फिरते. खालच्या पट्टीला रबराची पट्टी बोल्टने बसवली की फट बंद होते. नवीन पट्टी नको असेल तर जुन्या ट्यूबचा जाड तुकडाही चालतो. पहाटे शटर उघडताना आधी बॅटरीचा उजेड पाडा. फटीत बोटं घालून शटर उचलू नका, हँडल धरा. साप चावलाच तर वेळ न घालवता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा.

सगळ्यात महत्त्वाचं : शटर बंद करून शेकोटी नको

द्राक्षाच्या कामासाठी पेठ, सुरगाण्याकडून मजूर येतात. बऱ्याच ठिकाणी त्यांची झोपायची सोय शेडमध्येच असते. कडाका वाढला की घमेल्यात निखारे घेऊन शटर खाली ओढलं जातं. इथेच जीवाला धोका आहे. कोंडलेल्या जागेत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि झोपेत असलेल्या माणसाला तेवढंही कळत नाही.

म्हणून निखारे बाहेरच ठेवा. झोपायला जाडजूड पांघरूण आणि खाली भुशाच्या किंवा गवताच्या गाद्या द्या. शटरवरची झरोक्याची जागा गोणपाटाने बुजवू नका. थंडीत ट्रॅक्टर लवकर चालू होत नाही म्हणून बंद शेडमध्ये रेस करत बसू नका. आधी शटर पूर्ण वर, मगच चावी. त्याच शेडमध्ये जनावरं बांधत असाल तरीही वरून हवा खेळती हवी. नाहीतर गोमूत्राच्या उग्र वाफेने वासरांना खोकला लागतो.

कोणी निखाऱ्याजवळ बेशुद्ध सापडलं तर आधी शटर वर करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. काय झालंय हे बघायला आत थांबू नका.

शटरचं काम या आठवड्यात उरका. आणि शेडमध्ये मजूर झोपत असतील तर निखाऱ्यांची गोष्ट आज रात्रीच त्यांच्या कानावर घाला.