सुरंग, कुमैत, मुश्की, नुकरा

१९०५ च्या डिसेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीत घोड्यांच्या रंगावरून वाद पेटला. लेस्टरशायरच्या चार्ल्स चेंबरलेन हर्स्टने इंग्लंडमधल्या शर्यतीच्या घोड्यांची छापील वंशनोंद पालथी घालून एक निबंध सादर केला होता. आईबाप दोघेही सुरंग, म्हणजे अंग तांबूस आणि आयाळ-शेपटीतही काळा केस नाही असे असतील, तर शिंगरूही सुरंगच निघते, असे त्याचे म्हणणे होते. अशा जोड्यांची ११०४ शिंगरे त्याने मोजली होती. त्यांतली १०९५ सुरंग होती, ९ नव्हती.

मेंडेलचे वाटाण्यांवरचे नियम पुन्हा उजेडात येऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. ते जनावरांनाही लागू पडतात का, यावर इंग्रज जीवशास्त्रज्ञांत उभी फूट पडली होती. मेंडेलच्या विरोधकांतला मोठा माणूस वॉल्टर वेल्डन. त्याचे सारे लक्ष त्या ९ शिंगरांवर खिळले. अपवाद खरे ठरले तर नियम कोसळणार होता. तो नोंदवह्यांत बुडून गेला. सुट्टीत रोमला गेला तेव्हाही त्यांचे खंड त्याच्या सामानात होते. एप्रिल १९०६ मध्ये न्यूमोनियाने तो वारला. वय अवघे ४६. हर्स्टचे उत्तर शेवटपर्यंत एकच होते: नियम बरोबर आहे, नोंदी चुकल्या आहेत.

हर्स्ट बरोबर होता. घोड्याचा रंग लिहिताना जाणती माणसेही चुकतात, आणि त्याची कारणे घोड्याच्या केसातच आहेत.

त्या केसात रंगद्रव्ये दोनच असतात, एक काळे आणि एक तांबडे. रंगपेशीवर एक ग्राही प्रथिन असते. ते संदेश घेते आणि पेशी काळे द्रव्य बनवू लागते. हे प्रथिन बनवणाऱ्या एमसी१आर जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या, तर काळा बनतच नाही आणि घोडा सुरंग होतो. हा बिघाड स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९६ मध्ये शोधला. दोन सुरंग घोड्यांकडे पिलाला देण्यासारखी चांगली प्रत नसतेच, म्हणून हर्स्टचा नियम टिकतो.

काळा बनू शकणाऱ्या घोड्यात दुसरे जनुक, एएसआयपी, तो काळा कुठे दिसावा हे ठरवते. ते शाबूत असले तर काळा रंग आयाळ, शेपटी, पायांचा खालचा भाग आणि कानांच्या कडा एवढ्यावरच राहतो व बाकी अंग तांबूस होते. हा कुमैत. त्या जनुकाच्या दोन्ही प्रतींतून ११ अक्षरांचा तुकडा गळालेला असला तर काळ्याला आडकाठी उरत नाही. अंगभर काळा पसरलेला तो मुश्की. जगातल्या प्रत्येक घोड्याचा पाया या तिघांपैकी एक असतो.

गोंधळ इथूनच सुरू होतो. गडद सुरंग घोडा सावलीत काळपट दिसतो. मुश्की उन्हात राहून विटतो आणि तपकिरी भासतो. कुमैत शिंगराचे पाय जन्मतः फिकट असतात. काळे केस पहिली लव गळाल्यावर दिसू लागतात. म्हणून जाणकार अंगाच्या छटेवर विसंबत नाही. तो आयाळीची मुळे, गुडघ्याखालचा पाय आणि कानाची कड पाहतो. तिथे काळा केस नसला आणि अंग तांबूस असले, तर घोडा सुरंग.

या तीन पायांवर मग पातळ करणाऱ्या जनुकांचा हात फिरतो. क्रीम नावाच्या जनुकाची एक प्रत आली तर ते तांबडे द्रव्य फिके करते, काळ्याला मात्र जवळपास सोडून देते. सुरंग घोडा सोनेरी होतो आणि त्याची आयाळ पांढरट. हॉलीवूडचा नट रॉय रॉजर्स याचा ‘ट्रिगर’ याच रंगाचा होता. कुमैत घोडा फिका पिवळसर होतो, पण आयाळ आणि पाय काळेच राहतात. मुश्कीत हेच जनुक दडून बसते आणि पिढीनंतर अचानक डोके वर काढते. दोन प्रती आल्या तर पाया कुठलाही असो, घोडा मलईच्या रंगाचा होतो, कातडी गुलाबी आणि डोळे निळे. सोनेरी रंगाचे मोल मोठे, म्हणून पैदासकार सोनेरीला सोनेरीच लावतात. पण अशा जोडीची सरासरी निम्मीच शिंगरे सोनेरी निघतात. पाव हिस्सा सुरंग, पाव हिस्सा मलई.

समंद म्हणून विकल्या जाणाऱ्या घोड्यांत दोन वेगळे प्रकार मिसळलेले असतात. एक हा क्रीमचा पिवळसर. दुसरा डन, घोड्यांचा आदिम रंग, मंगोलियाच्या रानटी प्रझेवाल्स्की घोड्याचा. डनच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत गडद पट्टा असतो, पायांवर बऱ्याचदा आडव्या रेघा असतात. सौराष्ट्रातल्या काठेवाडी घोड्यांत हा रंग आणि या रेघा चांगल्याच आढळतात. २०१६ मध्ये कळले की टीबीएक्स३ या जनुकामुळे डन घोड्याच्या केसात रंगद्रव्य एकाच बाजूला साठते, दुसरी बाजू रिकामी राहते. म्हणून अंग फिके दिसते. पट्ट्यातल्या केसांत मात्र ते सगळीकडून भरलेले असते.

सर्वांत जास्त फसवतो तो सब्जा. लग्नाच्या वरातीतला, मिरवणुकीतला बहुतेक ‘पांढरा’ घोडा पांढरा जन्मलेलाच नसतो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचे लिपिझानर जगभर शुभ्र म्हणून प्रसिद्ध आहेत, पण त्यांची शिंगरे गडद रंगाची जन्मतात आणि सहा ते दहा वर्षांची होईपर्यंत हळूहळू पांढरी होतात. शिंगराच्या डोळ्यांभोवती पांढरे केस दिसू लागले की पुढचे भविष्य ठरले. ओळख अगदी सोपी आहे: नाकपुड्या आणि डोळ्यांच्या कडा पाहाव्यात. तिथली कातडी काळी असली तर तो सब्जा.

हे घडवणारा दोष २००८ मध्ये सापडला. एसटीएक्स१७ या जनुकात ४६०० अक्षरांचा एक तुकडा दुबार लिहिला गेलेला असतो, आणि आजचे सगळे सब्जा घोडे हाच तुकडा बाळगतात. त्याची किंमतही मोठी आहे. पंधरा वर्षांवरच्या सब्जा घोड्यांपैकी सत्तर ते ऐंशी टक्क्यांना शेपटीखाली, गुदद्वाराभोवती मेलानोमाच्या गाठी होतात. २०२४ मध्ये आणखी एक उकल झाली: तुकडा लागोपाठ दोनदा असला तर घोडा संथपणे पांढरा होतो, तीनदा असला तर झपाट्याने, आणि गाठींचा धोका या दुसऱ्या प्रकारालाच जास्त. पांढऱ्याशुभ्र घोड्यासाठी थैली मोकळी करणाऱ्याने शेपूट उचलून पाहायलाच हवे.

सब्जा शिंगराच्या आईबापांपैकी एक तरी सब्जा असावाच लागतो. पांढऱ्या जन्मलेल्या शिंगराला ही अट नाही. १९९६ मध्ये जपानमध्ये गडद रंगाचा नामांकित घोडा ‘संडे सायलेन्स’ आणि रंगीत घोडी ‘वेव्ह विंड’ यांच्या पोटी पांढरी शिंगी जन्मली. तिचे नाव ‘शिरायुकिहिमे’. किट या जनुकात नवा बदल झाल्याने रंगपेशी तिच्या कातडीपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. हा बदल पुढे वंशात उतरला. तिची नात ‘सोदाशी’ २०२० मध्ये सर्वोच्च दर्जाची शर्यत जिंकली आणि पुढच्या वर्षी तिने जपानच्या मानाच्या पाच शर्यतींतली ओका शोही मारली. आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून भरणाऱ्या यात्रेत नुकऱ्याभोवती नेहमीच गर्दी असते. गुलाबी कातडीचा तो शुभ्र घोडा क्रीमच्या दोन प्रतींमुळेही तसा दिसू शकतो किंवा किटमधल्या बदलामुळेही. नुसत्या नजरेने याचा निवाडा नेहमी होत नाही. केसांची मुळे प्रयोगशाळेत पाठवली की होतो.

ही चाचणी हौसेची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या पेंट घोड्यांत अबलख रंगाचा एक प्रकार ईडीएनआरबी जनुकातल्या बदलातून येतो. एक प्रत आली की अंगावर देखणे पांढरे पट्टे. दोन आल्या की शिंगरू पूर्ण पांढरे जन्मते आणि काही दिवसांतच पोटशुळाने मरते, कारण आतड्याला चालना देणाऱ्या मज्जापेशीच तयार झालेल्या नसतात. काही वाहक घोड्यांवर पांढरा जेमतेम दिसतो, तेव्हा दोन वाहकांची जोडी नकळतही लागू शकते. १९९८ मध्ये हे जनुक कळले आणि तेव्हापासून असे मरण टाळता येते. टाळता येत असताना ते होऊ देणे हा क्रूरपणा आहे. ठिपकेदार घोड्यांचीही अशीच अडचण: टीआरपीएम१ मधल्या बदलाच्या दोन प्रती असलेला घोडा जन्मतः रातांधळा असतो. फ्रान्समधल्या पेश-मेर्ल गुहेत सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी रंगवलेले ठिपकेदार घोडे बरीच वर्षे कल्पनेतले समजले जात. हिमयुगातल्या घोड्यांच्या हाडांत हेच जनुक २०११ मध्ये मिळाले, तेव्हा चित्रकाराने पाहिलेलेच रंगवले असावे असे मानायला भक्कम आधार मिळाला.

कपाळावरचा टिळा, चेहऱ्यावरचा पट्टा, पायांचे पांढरे मोजे, आणि हे सगळे जमून आलेला पंचकल्याणी. या खुणांचे शास्त्र वेगळे. गर्भात रंगपेशी पाठीच्या रेषेवरून निघून अंगभर पसरतात. कपाळ आणि खूर त्यांच्यापासून सर्वांत लांब. तिथे पोहोचायला त्या कमी पडल्या की पांढरे राहते, म्हणून खऱ्या खुणेखालची कातडी बहुधा गुलाबी असते. खूण खोटीही रंगवता येते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या ईगल फार्मवर १८ ऑगस्ट १९८४ रोजी ‘फाइन कॉटन’ या सुमार घोड्याच्या नावावर ‘बोल्ड पर्सनॅलिटी’ हा सरस घोडा पळवला गेला. फाइन कॉटनच्या पायांवर पांढऱ्या खुणा होत्या, या दुसऱ्याच्या नव्हत्या. मग केसांना कलप लावला, पायांना पांढरा रंग फासला. घोडा जिंकला, रंग ओघळला, आणि देशातला सर्वांत गाजलेला शर्यत-घोटाळा उघडा पडला.

आता शर्यतीच्या शिंगरांची नोंद करताना डीएनएवरून आईबाप पडताळले जातात आणि मानेत मायक्रोचिप बसवतात. तरीही केसांतल्या भोवऱ्यांची आणि पांढऱ्या खुणांची रेखाकृती काढली जातेच. आपल्याकडे थरोब्रेड घोड्यांची अशी वंशनोंद पुण्याची स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते. बाजारात भोवऱ्यावरून मालकाचे बरेवाईट सांगतात, आणि एखादे धडधाकट जनावर तेवढ्यावरून नाकारले जाते. भोवऱ्यात भविष्य नाही. पण त्याची जागा आणि फिरण घोड्यागणिक बदलते, म्हणून ओळख पटवायला तो फार मोलाचा.

क्लोन घोडेही याला अपवाद नाहीत. पहिला क्लोन घोडा, ‘प्रोमेतेया’ ही हाफलिंगर शिंगी, इटलीत २००३ मध्ये जन्मला. २०१६ मध्ये अर्जेंटिनाचा पोलोपटू अदोल्फो काम्बियासो ‘क्वार्तेतेरा’ या एकाच घोडीच्या सहा क्लोनवर बसून पालेर्मोची स्पर्धा खेळला. अशा जनावरांचे जनुक एकसारखे आणि पाया-रंगही एकसारखा. रंगपेशी किती लांब पोहोचतील हे मात्र प्रत्येक गर्भात थोडे वेगळे घडते, म्हणून एकाच घोडीच्या क्लोनांत टिळा लहानमोठा निघतो आणि मोज्याची उंची बदलते. त्यांच्या कागदपत्रांतही चेहऱ्याची आणि चारही पायांची आकृती प्रत्येकाची स्वतंत्र काढावी लागते.