बीडची खजाना विहीर आणि वास्तूच्या सीमेचा प्रश्न

बीड जिल्ह्यातील प्राचीन व मध्ययुगीन वास्तूंचा परिचय करून देताना कंकालेश्वराचे मंदिर, अंबाजोगाईची यादवकालीन देवळे, धारूरचा किल्ला, परळीचे वैजनाथ आणि बीडजवळची खजाना विहीर अशी नावे ओळीने सांगण्याची प्रथा आहे. शैलीनुसार किंवा राजवंशानुसार त्यांची वर्गवारीही केली जाते. ती चूक आहे असे नव्हे. परंतु त्या वर्गवारीत एक महत्त्वाची गोष्ट निसटते. या वास्तू ज्या भूमीवर उभ्या आहेत ती बालाघाटाच्या पठाराची व त्याच्या उतरणीची कोरडी भूमी आहे. इ.स. १९७२ चा दुष्काळ आणि अलीकडे २०१५-१६ सालची पाणीटंचाई पाहिलेल्या माणसास हे वेगळे सांगावयास नको. येथे बांधणाऱ्याला दगड मुबलक मिळत असे; पाणी मात्र मिळवावे लागे.

बीड या नावाच्या व्युत्पत्तीबद्दल जी मते प्रचलित आहेत त्यांतही पाणीच डोकावते. विहीर या अर्थाच्या ‘बीर’ या अरबी शब्दापासून हे नाव आले आणि ते महंमद तुघलकाच्या वेळी पडले, असे एक मत आहे. (याच तुघलकाचा दात बीडजवळ पडला व त्यावर थडगे बांधण्यात आले, ही फिरिश्ताने नोंदलेली हकीकत सुलतानांच्या स्मारकांच्या इतिहासात एकमेव म्हणावी लागेल.) व्युत्पत्ती खरी असो वा नसो, विहिरीचा अर्थ लोकांना पटला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

कंकालेश्वर मंदिर कुंडाच्या मध्यात उभे असून काठावरून आत जावयास बांधीव वाट आहे. त्याच्या भिंतींवरील शिल्पांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. कुंडाचा तितका झालेला नाही. धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान याने इ.स. १५६७ च्या सुमारास बांधला. त्याच्या बहुतेक बाजूंस खोल दऱ्या असल्यामुळे शत्रूला दूर ठेवणे सोपे, पण त्याच कारणामुळे आतील शिबंदीची सारी भिस्त तटाच्या आतील तलावांवर व हौदांवर होती. इ.स. १६३१ च्या जानेवारीत मोगल सेनापती आझमखानाने तो घेतला, तेव्हा दख्खनमध्ये १६३०-३२ चा भीषण दुष्काळ चालू होता. तोफा व तट यांपुरता त्या वेढ्याचा इतिहास लिहिला तर तो अपुराच राहील.

या सर्वांत खजाना विहीर निराळी आहे. मंदिराचे कुंड किंवा किल्ल्याचा तलाव हे मुख्य वास्तूचे अंग असते. येथे पाणीच वास्तू आहे. बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर शहराच्या दक्षिणेस सुमारे सहा किलोमीटरवर ही विहीर आहे. तिचे बांधकाम अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाच्या राजवटीतले (१५६५-१५८८) असून ते बीडचा जहागीरदार सलाबतखान याने करविले असे मानतात. रचनाकार म्हणून राजा भास्कर याचे नाव सांगितले जाते. नावाविषयी लोकांत एक कथा आहे. जहागिरीचा सारा पैसा विहिरीवर खर्च झाला, आणि खजिना कोठे आहे असे वरून विचारणे आले तेव्हा जहागीरदाराने विहिरीकडे बोट दाखविले. कथा म्हणूनच ती घ्यावी.

वरवर पाहता ही गोल बांधणीची एक मोठी विहीर आहे. तिचे मर्म तळाशी आहे. तेथे तीन भुयारे फुटतात. दोन भुयारांतून पाणी आत येते व तिसऱ्यातून ते बाहेर पडून उत्तरेकडे शेतजमिनीस जाते. तो भाग बलगुजार या नावाने ओळखला जातो. पान या अर्थाच्या ‘बर्ग’ या फार्सी शब्दाशी त्या नावाचा संबंध जोडतात. पाणी उपसावे लागत नाही. मोट नाही, रहाट नाही. येणारी व जाणारी पातळी यांतील अंतर आणि भुयाराचा मंद उतार एवढ्यावर सारे चालते.

हे कसे साधते, हे समजण्यासाठी दख्खनच्या खडकाकडे पाहावे लागते. अखंड काळा पाषाण पाणी धरीत नाही. त्याच्या वरचा झिजलेला मुरुमाचा थर, खडकातील भेगा आणि नदीकाठची वाळू यांतच पावसाचे पाणी मुरून राहते व उताराच्या दिशेने हळूहळू सरकते. अशा थरात वरच्या अंगास भुयार खणून त्याला जमिनीच्या उतारापेक्षा किंचित कमी उतार दिला, तर काही अंतरावर पाणी आपोआप जमिनीच्या पृष्ठाजवळ येते. इराणातील कनात याच तत्त्वावर चालते. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आणि मलिक अंबरने औरंगाबादेस आणलेली नहर ही सतराव्या शतकातील तिची प्रसिद्ध दख्खनी उदाहरणे होत. खजाना विहीर या दोहोंच्या आधीची आहे. निजामशाही राजधानी अहमदनगरला खापरी नळांनी पाणी आणण्याची परंपरा होतीच. हे ज्ञान राजधानीपुरते न राहता जहागिरीच्या शेतीपर्यंत पोहोचले, हे या विहिरीवरून दिसते. माझ्या मते तिचे ऐतिहासिक मोल येथेच आहे. शहराच्या नहरी पुष्कळ सांगता येतील. शेतासाठी बांधलेली नहर विरळा.

आता प्रश्न असा की, या वास्तूची सीमा कोठे संपते? राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांबाबत १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई व त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण आहे. मंदिरासाठी हा दंडक पुरेसा ठरेल. भुयाराच्या विहिरीला तो लावला तर चिरेबंदी वर्तुळ सुरक्षित राहील, आणि पाणी ज्या थरातून येते तो थर मात्र विंधनविहिरींनी रिता होऊ शकेल. दगड शाबूत आणि वास्तू मृत, अशी ती अवस्था. विशेष हे की, पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याने निर्बंध घातला होता. म्हणजे पाण्याचा विचार करणाऱ्या कायद्याला जे अंतर सुचले, ते स्मारकाचा विचार करणाऱ्या कायद्याला सुचले नाही. पुरातत्त्व व भूजल ही दोन खाती एकाच विहिरीकडे दोन दिशांनी पाहतात.

दृश्य अवशेषापलीकडे वास्तू पसरलेली असते, हे अंबाजोगाईच्या उदाहरणानेही स्पष्ट होते. तेथील सकलेश्वर अथवा बाराखांबी मंदिराचा शिलालेख इ.स. १२२८ चा आहे. त्या परिसरात २०२४ साली राज्य पुरातत्त्व विभागाने केलेल्या उत्खननात आणखी दोन मंदिरांचे पाये व पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटा मिळाल्या. बारा खांब इतकी वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. मंदिरांचे पाये मातीखाली होते. याच गावी सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याच्या कन्येने, लक्ष्मीने, युद्धात पडलेल्या आपल्या भावाच्या स्मरणार्थ मंदिर बांधल्याचे इ.स. १२४० चा लेख सांगतो. लेख नसता तर त्या देवळामागचे दुःख आपणास कळते ना.

खजाना विहिरीबाबत लेखाचे काम भुयारानेच करावयाचे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यास येथे क्षेत्राभ्यासाचा उत्तम विषय आहे. भुयारांचा माग जमिनीवरून काढून त्यांवरील उभी भोके नकाशावर आणावीत. वैशाखात व पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी मोजावी. आसपासच्या विंधनविहिरींची खोली नोंदवावी. बलगुजार भागातील पाटांची, वाफ्यांची व पाळ्यांची जुनी नावे वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडून उतरवून घ्यावीत. या कामाला टेप, पातळीयंत्र आणि दोन उन्हाळे लागतील.